मऊ थर

"बाबा, आईचं चाक डुगडुगायला लागलंय."

ऋजुतानं दारात चपला काढता काढता हे सांगितलं आणि माझ्या हातातलं पुस्तक आपोआप मिटलं. खूण घालायची राहून गेली.

"किती?" मी विचारलं.

"केसाच्या जाडीच्या आत आहे अजून. पण वाढतंय." ती स्वयंपाकघरात गेली, माठातलं पाणी प्यायली आणि तिथूनच बोलत राहिली. "चाकांच्या समितीनं तुमचं नाव सुचवलंय. त्या बनावटीची चाकं आखणाऱ्यांपैकी तुम्हीच उरलात."

"मी? अगं, मी सगळं विसरलोय आता."

"तुम्ही काहीही विसरत नाही. आठवतंय हे कबूल करत नाही, एवढंच."

ती बाहेर येऊन माझ्यासमोर बसली. चेहरा आईचा, बोलणंही आईचंच. माझ्याकडून तिनं फक्त चष्मा घेतला.

"कोनवडीला जाऊन चाक बघायचं आणि मत द्यायचं," ती म्हणाली. "ठेवा किंवा काढा. तुम्ही 'काढा' म्हणालात, तर ते इचलकरंजीला माझ्याकडे येईल. मी स्वतः सोडवीन ते. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

ते सुटलं की त्यातून काय निघेल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

ज्यांनी चाक कधी उघडं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मला ते नीट जमेल की नाही, शंका आहे. कारखान्यातही मी समजावून सांगायला लागलो की लोक घड्याळाकडे बघायचे.

फिरणाऱ्या वस्तूत शक्ती साठून राहते. माझ्या आजोबांच्या गुऱ्हाळात तेलाचं इंजिन होतं. त्याला दोन्ही अंगांना बिडाची जड चाकं होती. इंजिनाचा एक धक्का आणि दुसरा धक्का यांच्या मधल्या वेळात तीच चाकं चरकाला ओढून न्यायची. हे आपलं जुनं फ्लायव्हील. आता असं की, चाकाचं वजन दुप्पट केलं तर साठा दुप्पट होतो, पण वेग दुप्पट केला तर चौपट होतो. म्हणजे वजनापेक्षा वेगाच्या मागे लागावं. पण वेग वाढला की चाक स्वतःलाच बाहेर फेकू पाहतं आणि त्या ओढीनं बीड फाटतं, पोलादही फाटतं. मग हलकं आणि चिवट असं काय आहे? कार्बनचं सूत. ते राळेत भिजवून रिळासारखं गुंडाळायचं, थरावर थर, आणि भाजून घट्ट करायचं. हवा काढून घेतलेल्या टाकीत, जमिनीखालच्या खड्ड्यात, चुंबकांवर तरंगत ठेवायचं. कशालाही टेकत नाही, हवाही लागत नाही. दिवसभर सूर्याकडून वेग घेतं आणि रात्रभर गावाला परत देतं.

यातली मेख गुंडाळण्यात आहे. वरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित जास्त ताणून बसवावा लागतो, नाहीतर वेगात थर एकमेकांपासून सुटतात. आमच्या इचलकरंजीत तेव्हा यंत्रमाग बंद पडत होते आणि मागासाठी कांड्या भरणाऱ्या बायका घरी बसत होत्या. कारखान्यानं त्यांनाच या कामावर घेतलं. सुताला बोट लावून ताण ओळखायची सवय त्यांना लहानपणापासूनची. त्यांनी मागावरची आपली रीतही बरोबर आणली. एक चाक एकाच हातानं पुरं करायचं. हात बदलला की सूत रुसतं, असं त्या म्हणत. त्यामुळे चाकांना क्रमांक असूनही आम्ही त्यांना बायकांच्याच नावानं ओळखायचो. अनसूयाचं चाक, शकिलाचं चाक, वैजयंताचं चाक.

दुसरी रीत म्हणजे बोलत राहणं. तोंड थांबलं की हात थांबतो, हा त्यांचा अनुभव. दिवसभर त्या सुनांबद्दल, नणंदांबद्दल, मालिकांबद्दल बोलायच्या, मध्येच गायच्या. आम्ही ते चालू दिलं. सूत ज्या बारीक दांडीवरून जायचं तिच्याजवळच त्यांचं तोंड असायचं आणि दांडी त्या आवाजानं थरथरायची. थरथर नजरेला दिसणारी नव्हती. पण तिच्याबरोबर ताण तितकाच कमीजास्त व्हायचा, राळ तितकीच पातळ किंवा जाड बसायची आणि भट्टीत गेल्यावर कायमची तशीच राहायची.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पहिली चाकं म्हातारी झाली आणि ऋजुताच्या विभागात सुटायला आली तेव्हा कळलं. तिथे राळ विरघळवून सूत परत रिळावर घेतात. त्याची जाडी तपासायला त्यावर एक प्रकाशकिरण धरलेला असतो. कुणीतरी सहज, यंत्रात खरखर कुठून येते ते शोधायला, त्या किरणाचा आलेख स्पीकरला जोडला. उलटसुलट काहीतरी गुरगुरलं. बाहेरचा थर आधी सुटतो, म्हणजे सगळं उलटं येणार. त्यांनी ते फिरवून पुन्हा लावलं. आणि अनसूयाबाई, ज्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, ठसक्यात म्हणाल्या, "सांग की तुज्या सासूला, तुमीच लाटा म्हनावं!"

विभागातली सगळी माणसं उठून उभी राहिली, असं ऋजुता सांगते.

त्यानंतर काय झालं ते वर्तमानपत्रांत आलंच आहे. बायकांची मुलं, नातवंडं दाराशी येऊन बसायला लागली. अनसूयाबाईंचा मुलगा स्वतः साठी उलटलेला. आईनं सुनेला, म्हणजे त्याच्याच बायकोला, घातलेल्या शिव्या ऐकून तो ढसाढसा रडला आणि त्याची बायकोही रडली. फोनमध्ये फोटो होते, लग्नातली चित्रणं होती. पण तिथे माणूस कॅमेऱ्याकडे बघत असतो. इथे कुणी बघतंय हेच त्यांना माहीत नव्हतं. मग आमचं चाक काढा, आमचं आधी काढा, अशी मागणी सुरू झाली. एका गावानं धडधाकट चाक मोडायला लावलं आणि सबंध उन्हाळा अंधारात काढला. त्याचा पश्चात्ताप त्या गावाला झाला, असं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

माझ्या फोनमध्येही वैजयंता, ऋजुताची आई, आहे. ऋजुताच्या बारशात ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "काय बोलू?" आणि पदर सारखा करते. ऋजुता दुसरीत असताना ती गेली. आवाज म्हणून मुलीजवळ तेवढंच आहे: काय बोलू.

वैजयंताचं चाक आमच्या लग्नाच्या आधीचं. मी तेव्हा आराखडा विभागात होतो. तिशी उलटलेला, चारचौघांत तोंड न उघडणारा. गुंडाळणीच्या खोलीत मला काम नसायचं तरी मी जायचो. ताणाचे आकडे बघतो असं दाखवायचो. आकडे माझ्या टेबलावरच्या पडद्यावरही दिसत होते, हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. शकिला तर मला बघून मुद्दाम म्हणायची, "वैजू, तुझा ताण बघायला आले गं!"

एके दिवशी दुपारी बाकीच्या जेवायला गेल्या होत्या. एकट्या वैजयंताचं यंत्र चालू होतं. मी तिच्याशेजारी उभा राहिलो आणि बोललो. काय बोललो ते मला खरंच आठवत नाही. घरून पाठ करून आलो होतो, त्यातलं काही नव्हतं ते. तिनं मान वर केली नाही. मात्र तिची बोटं क्षणभर सैल पडली आणि सूत ढिलं झालं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. नियम असा होता की ताण गेला की यंत्र थांबवायचं, सूत तोडायचं, ढिले वेढे काढून नव्यानं जोडायचं. माझा हात सवयीनं बटणाकडे गेला.

तिनं माझं मनगट धरलं. "आत्ता तोडायचं नाही," ती म्हणाली.

अशा वेळी सूत तोडू नये, ही तिच्या घरची समजूत. घरात सोयरिकीचं बोलणं चालू असलं की मागावरचा धागासुद्धा तुटू देत नसत. मी इंजिनियर, पण कोष्ट्याचाच मुलगा. मी हात मागे घेतला. ढिल्या वेढ्यांचा तो मऊ थर नंतर तपासणीत सापडला. मर्यादेच्या आत आहे असं तपासनीसांनी ठरवलं आणि चाक पास झालं.

त्यानंतरही ती काहीतरी बोलली, बराच वेळ बोलली. पण माझ्या कानात नुसता गोंगाट होता. उरलेल्या बायका जेवून आल्या तेव्हा मी दाराशी होतो, एवढंच आठवतं. ती नेमकं काय म्हणाली हे लग्नानंतर तिला विचारायची मला लाज वाटायची. पुढे कधीतरी विचारू, असं वाटत राहिलं.

कोनवडी चंदगडच्या बाजूला डोंगरात आहे. आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं आणि काजूच्या झाडांखाली सुकलेला मोहर पडला होता. चाक तिथल्या रुग्णालयाच्या आवारात आहे. रुग्णालय लहान, पण आजूबाजूच्या वाड्यांना तेवढंच. सिस्टर बारदेस्कर सगळं सांभाळतात. डॉक्टर आठवड्यातून काही दिवस येतात.

"आलात?" त्या म्हणाल्या. "या आधी आत. चाक पळून जात नाही."

त्यांनी आम्हाला खड्ड्याकडे नेलंच नाही. आधी बाळांच्या खोलीत नेलं. काचेच्या दोन पेट्यांत दोन बाळं होती, वेळेआधी आलेली. एकाचा हात माझ्या अंगठ्याएवढा.

"सर, मला तुमचं डुगडुगणं कळत नाही," सिस्टर म्हणाल्या. "मला एवढं सांगा, चाक काढलं तर नवं कधी येणार?"

"पुढच्या वर्षी," ऋजुता म्हणाली. "कदाचित."

"मग पुढच्या वर्षापर्यंत रात्री या पेट्या कशावर चालवू? गडहिंग्लजला पाठवायचं तर बाळ घाटातच थंड पडतं. दोनदा बघितलंय मी." मग त्या थोड्या खाली आवाजात म्हणाल्या, "पण फुटणार असेल तर तसंही सांगा. खड्डा या भिंतीच्या पलीकडेच आहे."

खोलीला लागून चाकाचं नियंत्रण होतं. मी पडद्यावरचे आलेख बघत बसलो. डुगडुग गेल्या पावसाळ्यापासून हळूहळू वाढत होती. चाक एका बाजूला जड झालं होतं. कुठल्या थरात, तेही काढता येत होतं. मी कागदावर आकडेमोड केली. मग पुन्हा केली, कारण पहिल्यांदा केलेल्यावर माझा कधीच विश्वास नसतो. उत्तर तेच आलं. आतून एक तृतीयांश जाडीच्या आसपास. मऊ थर.

"तडा असू शकतो," ऋजुता माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली.

"असू शकतो. किंवा राळ जुनी होऊन मऊ थर थोडा पसरला असेल. सुरुवातीला दोन्ही असंच दिसतं."

"मग शंका आहे. शंका आहे म्हणजे काढायचं. बाबा, यात तुम्हाला कुणीही दोष देणार नाही."

ती म्हणत होती ते खरं होतं आणि माझी अडचण नेमकी तीच होती. आयुष्यभर मी सावधपणाच्या बाजूनं मत दिलं. धोका नको, थांबा, पुन्हा तपासा. आज सावधपणा आणि माझी इच्छा एकाच बाजूला उभ्या होत्या. मला 'काढा' दिसतंय ते आकड्यांत आहे म्हणून, की मला तो आवाज हवा आहे म्हणून? मी माझ्याच डोळ्यांवर विश्वास ठेवू शकत नव्हतो. वैजयंता असती तर म्हणाली असती, तुम्ही काढलेलं उत्तर बरोबरच असतं हो. तिच्या त्या एका वाक्यावर मी पुष्कळ चाकं पास केली.

"उतरवून चढवू या," मी म्हणालो.

ऋजुतानं माझ्याकडे वळून बघितलं. "कशाला?"

हा उपाय साधा आहे, पण कुणी तो सहसा करत नाही. चाकाचा वेग सावकाश उतरवायचा आणि पुन्हा पूर्ण चढवायचा. वाटेत एका ठरावीक वेगाशी प्रत्येक चाक जोरात थरथरतं. तिथून त्याला दोनदा न्यायचं. तडा असेल तर त्या ओढाताणीत तो थोडा पुढे सरकतो, आणि वर आल्यावर डुगडुग आधीपेक्षा मोठी दिसते, दिशाही बदललेली असते. थर नुसता मऊ असेल तर तो वेगाबरोबर फुगतो, उतरताना बसतो आणि शेवटी होता तिथेच परत येतो. तडा फार पुढे गेलेला असेल तर मात्र चाक त्या थरथरीतच सुटतं. सुताचं चाक पोलादासारखं तुकडे फेकत नाही, त्याचा भुगा होतो. पण तो भुगासुद्धा टाकी फोडू शकतो.

"आणि सुटलं तर?" ऋजुतानं विचारलं. "आई भुगा होऊन जाईल. मला सोडवायला काही उरणार नाही."

"हो."

"बाबा, तुम्ही न तपासता 'काढा' म्हणालात तरी चालणार आहे."

"तेच तर," मी म्हणालो. "मला चालणार आहे. म्हणून."

ती उठली. मग तिनं सिस्टरना जाऊन सांगितलं. बाळांना पेट्यांसकट रुग्णालयाच्या पलीकडच्या टोकाला हलवलं, तिथे दुपारच्या उन्हावर थेट वीज होती. बाकीच्यांना आवाराबाहेर काढलं. आम्ही दोघं दूर, भिंतीआड, नियंत्रणाचा एक सुटा पडदा घेऊन बसलो. ऋजुतानं वेग उतरवायला सुरुवात केली.

चाकाला आवाज नसतो. निर्वात टाकीतून आवाज येणार कुठून? पण ते थरथरीच्या वेगाजवळ आलं तेव्हा चुंबकांच्या आधारातून, काँक्रीटमधून, जमिनीतून एक घुमणं आमच्या पायांपर्यंत आलं. ऋजुताचा हात पडद्यावर थांबला. घुमणं वाढलं, मग उतरलं. चाक तिथून पार झालं होतं.

"चढव," मी म्हणालो.

चढताना ते घुमणं पुन्हा आलं. या खेपेला जास्त वेळ राहिलं, निदान मला तसं वाटलं. ऋजुतानं माझा दंड धरला होता. तिला ते ठाऊक नसावं. जमिनीतून येणारा तो सूर ऐकताना मला एक वेडगळ विचार सुचला: आत ती बोलतेच आहे. इतकी वर्षं, रात्रंदिवस, एका सेकंदात शेकडो वेळा तेच बोलते आहे आणि ऐकायला कुणी नाही.

मग घुमणं थांबलं. चाक पूर्ण वेगाला आलं. पडद्यावर सकाळच्या डुगडुगीचा ठिपका होता. नवा ठिपका येऊन बरोबर त्याच्यावर बसला. जागा तीच, दिशाही तीच.

मी आकडे पुन्हा बघितले. नेहमीप्रमाणे चूक शोधत होतो. या खेपेला ती सापडावी असं मनापासून वाटत होतं. सापडली नाही.

"तडा नाही," शेवटी ऋजुताच म्हणाली. तिनं चष्मा काढून ओढणीला पुसला. "अजून किती चालेल?"

"दरवर्षी असं तपासत राहिलं तर पुष्कळ. माझ्यापेक्षा जास्त."

"म्हणजे तुम्ही आईचा आवाज ऐकणार नाही."

"तू ऐकशील."

"मला एकटीला नाही ऐकायचं!" ती एकदम ओरडली, लहानपणी ओरडायची तशी. "तिकडे रोज कुणाकुणाच्या आया बोलतात, बाबा. मी त्यांचं सूत गुंडाळून ठेवते. मला वाटलं होतं, तुम्ही शेजारी बसाल आणि सांगाल, ही शकिलामावशी, ही आई."

मग मी तिला मऊ थराबद्दल सांगितलं. हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. गुंडाळणीची रिकामी खोली, पाठ केलेलं आणि विसरलेलं बोलणं, सैल पडलेली बोटं, मनगटावरचा हात. सांगताना मी खाली बघत होतो.

"हा थर? डुगडुगतोय तो?"

"हाच."

"आणि ती म्हणाली..."

"आत्ता तोडायचं नाही."

"तसं नाही. ती कशी म्हणाली तसं म्हणून दाखवा."

मी आयुष्यात कधी कुणाची नक्कल केली नव्हती. केली. नीट आली नाही. "आत्ता" वर ती जरा थांबायची आणि शेवटचा शब्द ओढायची. पुन्हा केली तेव्हा थोडीशी जमली असावी, कारण ऋजुतानं डोळे मिटून घेतले.

सिस्टर बारदेस्कर भिंतीच्या कडेनं डोकावल्या. "बाळांना परत आणू का?"

ऋजुतानं माझ्याकडे बघितलं. मत मी द्यायचं होतं.

"आणा," मी म्हणालो. "चाक चालू ठेवायचं. थर मऊ आहे, जुना आहे. धोका नाही."

सिस्टरनी छातीवर क्रुसाची खूण केली आणि "चहा टाकते," म्हणून गेल्या. पेट्यांची चाकं फरशीवर वाजू लागली. आम्ही खड्ड्यापाशी गेलो. वर लोखंडी झाकण होतं, उन्हानं तापलेलं. ऋजुता त्याच्या कडेला बसली.

"मग पुढे आई काय म्हणाली? हो म्हणाली का?"

"आठवत नाही गं. खरंच नाही आठवत."

"बाबा," ती म्हणाली, "मी तुमच्या समोर बसलेय."

ते मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मी हसलो. तीही हसली आणि नाक पुसलं. मी चपला काढून ठेवल्या आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसलो.

"हो म्हणालीच असणार," मी म्हणालो. "पण कोणत्या आवाजात म्हणाली, ते या खालीच आहे, गं."

मी झाकणावर हात ठेवला. ते तापलेलं होतं आणि अजिबात हलत नव्हतं.